हालचाल आणि चळवळ

‘चळवळ’ हा शब्द आज आपण बहुधा एकाच अर्थानें वापरतों. पुष्कळ माणसें एका हेतूनें एकत्र आलीं आणि कांहीं मागूं लागलीं, म्हणजे चळवळ झाली असें आपण म्हणतों. परंतु या शब्दाचा मूळचा भाव इतका मोठा नाहीं. हलणें, वळणें, हातपाय हालविणें, धडपडणें एवढाच साधा अर्थ त्याच्या पोटीं आहे. हालचाल आणि चळवळ या दोघी एकाच घरच्या लेकी होत. गेल्या सव्वाशें वर्षांच्या औद्योगिक इतिहासाकडे पाहिलें असतां मात्र या दोघी बहिणी वारंवार एकमेकींच्या समोर उभ्या राहिलेल्या दिसतात. कारखान्यांत कामगाराच्या हालचालीचा अभ्यास सुरू झाला, कीं थोड्याच दिवसांत त्या कारखान्याच्या दाराशीं कामगारांची चळवळ येऊन ठाकते. असें कां व्हावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय कारखान्यांतला असला, तरी त्याचा संबंध आपल्या अंगावरच्या पांघरुणाशीं आहे. तेव्हां वाचकांनीं तो परका मानूं नये.

सोलापूर शहरांतून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर जी औद्योगिक वसाहत आहे, तिला सर्व लोक ‘अक्कलकोट रोड एमआयडीसी’ याच नांवानें ओळखतात. येथें यंत्रमागांचे कारखाने आहेत, आणि त्यांतून सोलापुरी चादरी व टॉवेल बाहेर पडतात. त्या वसाहतींत शिरलें कीं प्रथम भेटतो तो आवाज. मागांचा खडखडाट इतका अखंड असतो, कीं थोड्या वेळानें तो कानांना ऐकूं येईनासा होतो आणि केवळ अंगाला जाणवत राहतो. अशाच एका कारखान्यांत उभे राहून आम्हीं कांहीं वेळ एका विणकराचे हात पाहिले. तो दोन माग सांभाळीत होता. वरतीं जकार्डाच्या छिद्रें पाडलेल्या पत्त्यांची माळ फिरत होती. तिच्या हुकुमानें ताण्याचे धागे वरखालीं होत होते आणि चादरीवर नक्षी उमटत होती. एका मागाच्या धोट्यांतली कांडी संपली. त्यानें माग थांबविला, धोटा काढला, रिकामी कांडी टोपलींत टाकली, भरलेली कांडी बसविली, धाग्याचें टोंक धोट्याच्या डोळ्यांतून ओढून घेतलें, धोटा जागीं सारला आणि माग पुन्हां चालू केला. तोंच दुसऱ्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला, आणि तो तिकडे वळला. आम्ही मनांतल्या मनांत अंक मोजीत होतों हें आमच्या ओठांवरून त्याच्या ध्यानांत आलें असावें. त्यानें आमच्याकडे पाहिलें आणि सोलापुरी बोलींत विचारलें, “काय मोजायलाव, साहेब?”

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर आम्हांला चटकन् देतां आलें नाहीं. नीट विचार केला तर विसाव्या शतकांतील कामगारांच्या कित्येक मोठ्या लढ्यांचा गाभा याच प्रश्नांत आहे.

कामगाराच्या हातांकडे घड्याळ घेऊन पाहण्याची पद्धत शास्त्र म्हणून रूढ केली ती फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकन गृहस्थानें. याचा जन्म १८५६ चा. सुखवस्तु घरांतला हा मुलगा शिकाऊ कारागीर म्हणून कारखान्यांत शिरला आणि फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यांत मुकादमीपर्यंत चढला. तेथें त्याला असें दिसलें, कीं कामगार जेवढें काम करूं शकतो तेवढें तो मुद्दाम करीत नाहीं. आणि मालकाला तर एका दिवसांत वस्तुतः किती काम होऊं शकतें हें ठाऊकच नसतें. तेव्हां प्रत्येक कामाचे बारीक तुकडे पाडावे, प्रत्येक तुकड्यास किती सेकंद लागतात तें मोजावें, निरर्थक हालचाली गाळाव्या आणि उरलेल्यांची बेरीज करून दिवसाचें न्याय्य काम ठरवावें, असा त्याचा सिद्धांत. १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत बेथलेहेम पोलाद कारखान्यांतील प्रयोगाचें वर्णन आहे. तेथें मजूर सुमारें ९२ पौंड वजनाचे लोखंडाचे ठोकळे उचलून आगगाडीच्या डब्यांत भरीत. एक मजूर दिवसाकाठीं साडेबारा टन लोखंड हालवी. कधीं उचलावें, कधीं चालावें आणि कधीं बसावें हें मागें उभ्या असलेल्या माणसानें सांगायचें व मजुरानें मुकाट्यानें तसें करायचें, या रीतीनें तोच मजूर साडेसत्तेचाळीस टन हालवूं लागला, असें टेलर म्हणतो. त्याचें वेतन एक डॉलर पंधरा सेंटांवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटांवर गेलें.

या कथेच्या तपशिलाविषयीं पुढच्या इतिहासकारांनीं शंका काढल्या आहेत. पण टेलरचेच आंकडे घेतले तरी त्यांत एक गोष्ट उघड दिसते. काम जवळजवळ चौपट झालें. वेतन साठ टक्क्यांच्या आसपास वाढलें. शिवाय आठांपैकीं एखाद्याच मजुराला तें काम झेपलें, हेंही टेलरनेंच लिहून ठेविलें आहे. उरलेल्या सातांचें काय, या प्रश्नाला त्यांना दुसरें काम मिळालें असें उत्तर तो देतो. परंतु सर्वच कारखाने एकाच वेळीं असें करूं लागले, तर तें दुसरें काम कोठून येणार?

टेलरच्या शेजारीं आणखी दोन नांवें घेतलीं पाहिजेत. फ्रँक गिलब्रेथ आणि त्याची पत्नी लिलियन गिलब्रेथ यांचा भर घड्याळापेक्षां हालचालीवर अधिक होता. फ्रँक मूळचा गवंडीकामांतला. एक वीट बसविण्यास गवंडी अठरा हालचाली करतो, त्यांतल्या पांच पुरतात, हें त्यानें दाखविलें. विटा जमिनीवर ठेवून गवंड्यानें दरवेळीं वांकावें हें त्याला पटेना. म्हणून त्यानें उंची बदलतां येईल असा पहाड केला आणि विटा हाताशीं येतील अशी व्यवस्था केली. ताशीं १२० विटा बसविणारा माणूस ३५० विटा बसवूं लागला. पुढें या दांपत्यानें चलच्चित्राचा कॅमेरा आणि चित्रांत दिसेल असें घड्याळ वापरून हातांच्या हालचाली टिपल्या. शोधणें, पकडणें, नेणें, जुळविणें, सोडणें, विसावा घेणें अशा मूळ क्रियांची एक बाराखडीच त्यांनीं तयार केली, आणि आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं फिरवून तिला ‘थर्ब्लिग’ असें नांव दिलें. या बाराखडींत विसाव्यालाही एक अक्षर दिलेलें आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. लिलियनबाई मानसशास्त्राच्या पंडिता होत्या. थकवा ही कामगाराची लबाडी नव्हे, ती मोजण्याजोगी वस्तु आहे, असें या पतिपत्नींनीं १९१६ सालीं थकव्यावर लिहिलेल्या पुस्तकांत प्रतिपादिलें.

तात्पर्य, या शास्त्राला जन्मापासूनच दोन चेहरे होते. वांकणाऱ्या पाठीला वांकूं न देणें हा एक चेहरा. न वांकल्यामुळें वांचलेला वेळ कोणाच्या खात्यावर जमा झाला हें न सांगणें हा दुसरा. कामगारांना हा दुसरा चेहरा लौकरच दिसला. ऑगस्ट १९११ मध्यें अमेरिकन सरकारच्या वॉटरटाउन येथील शस्त्रागारांत ओतारी कामगारांच्या मागें घड्याळ घेऊन माणूस उभा राहिला आणि त्यांनीं काम थांबविलें. अमेरिकन कायदेमंडळानें चौकशी केली. खुद्द टेलरची साक्ष झाली. आणि १९१५ पासून सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावून काम मोजण्यास मनाई झाली. गंमत अशी, कीं ज्या लेनिननें या पद्धतीवर कडक टीका केली होती, त्यानेंच सत्ता हातीं आल्यावर १९१८ सालीं तिचा अभ्यास करण्याचा उपदेश आपल्या देशाला केला. धनी बदलला तरी घड्याळाचा मोह सुटत नाहीं, असा याचा अर्थ आम्ही करतों.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर मुंबईच्या गिरण्यांना वाईट दिवस आले. जपानी कापडाची चढाओढ वाढली. १९२५ सालीं मालकांनीं साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली, तीवर मोठा संप झाला आणि कपात मागें घ्यावी लागली. पगार थेट कापतां येत नाहीं असें दिसल्यावर दुसरा मार्ग शोधणें ओघानेंच आलें. जकात मंडळानें १९२७ सालच्या अहवालांत गिरण्यांनीं आपली कार्यक्षमता वाढवावी असें सुचविलें होतें. लँकेशायरमधला विणकर सामान्यतः चार माग चालवी, मुंबईचा दोनच. मुंबईंत मागाला सांचा म्हणत. दोन सांच्यांच्या जागीं तीन सांचे, आणि कांतण्याच्या खात्यांत एका बाजूच्या जागीं दोन बाजू एका कामगाराकडे द्याव्या, अशी योजना ससून यांच्या गिरण्यांत १९२८ च्या आरंभास अंमलांत येऊं लागली. जे राहतील त्यांचा पगार थोडा वाढेल, आणि बाकीचे घरीं जातील, असा तिचा मथितार्थ.

वरवर पाहतां मालकांचा मुद्दा बिनतोड वाटतो. लँकेशायरचा माणूस चार माग चालवितो, मग आपल्या माणसाला तीन कां जड व्हावे? परंतु येथें थोडें गणित करून पाहणें अवश्य आहे. समजा, एक माग तासांत सहा वेळां थांबतो आणि प्रत्येक वेळीं धागा जोडून तो चालू करण्यास दोन मिनिटें लागतात. म्हणजे एका मागाकडे तासांत बारा मिनिटें द्यावीं लागतात. दोन मागांना चोवीस, तीन मागांना छत्तीस, चार मागांना अठ्ठेचाळीस मिनिटें. चार मागांवरही बारा मिनिटें उरतात. येण्याजाण्यास आणि नजर ठेवण्यास तीं पुरतात. आतां सूत हलकें आलें आणि धागे दुप्पट तुटूं लागले असें समजा. तेव्हां दोन मागांनाच अठ्ठेचाळीस मिनिटें लागतील, तीन मागांना बहात्तर, आणि चार मागांना शहाण्णव. तासांत तर साठच मिनिटें! कामगार कितीही चपळ असो, त्याच्या हातांच्या हालचाली कितीही शास्त्रशुद्ध असोत, हें कोडें त्याला सुटणार नाहीं. मग माग उभे राहणार, कापड कमी उतरणार, आणि वेतन नगावर असल्यामुळें त्याचा भुर्दंड विणकरालाच बसणार. म्हणजे किती माग चालवावे हा प्रश्न हातांइतकाच सुताचा आहे. आणि सूत कोणतें घ्यावें हें विणकर ठरवीत नाहीं, गिरणीवाला ठरवितो. कापूस कोणता, हवेंत ओलावा किती, माग किती जुना, हें सर्व हिशेबाबाहेर ठेवून केवळ माणसाच्या हातांचा हिशेब करणें हा अर्धा हिशेब होय. आणि अर्धा हिशेब बहुधा ज्याच्या हातीं वही असते त्याच्या लाभाचा असतो.

एप्रिल १९२८ च्या अखेरीस मुंबईंत जो सार्वत्रिक संप झाला, तो ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत टिकला. सुमारें दीड लाख कामगार पांच महिन्यांहून अधिक काळ बाहेर होते. त्याच संपांत मे महिन्यांत गिरणी कामगार युनियन जन्मास आली. श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर हे सुशिक्षित पुढारी तींत होतेच. पण अर्जुन आळवे आणि गोविंद कासले हे तर स्वतः गिरणींत राबलेले. नेमस्त पक्षाचे नारायण मल्हार जोशी हेही आपली निराळी संघटना घेऊन संयुक्त संपसमितींत उभे राहिले. तडजोडीनंतर न्यायमूर्ति फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति बसली. तिच्यापुढें मालकांच्या व कामगारांच्या प्रतिनिधींनीं महिनोन्महिने जो वाद घातला, तो धागे, मापें आणि खातीं यांचा वाद होता. मार्च १९२९ मध्यें समितीनें अहवाल दिला. कार्यक्षमतेची योजना तत्त्वतः योग्य ठरली. पण ती कोणत्या अटींवर राबवावी याचाही विचार समितीला करावा लागला. अहवालाची शाई वाळते न वाळते तोंच, त्याच महिन्यांत, युनियनचे बहुतेक पुढारी मीरत कटाच्या खटल्यांत पकडले गेले. हालचालीचा अभ्यास करणारांना चळवळीचें भय किती वाटतें, याचा हा एक दाखला म्हणतां येईल.

परंतु या संपाच्या इतिहासांतली सर्वांत बोलकी हालचाल कोणत्याच मोजणींत नाहीं. धोट्यांत नवी कांडी घातली म्हणजे धाग्याचें टोंक धोट्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर काढावें लागे. आणि त्याची जलद रीत म्हणजे छिद्राला ओंठ लावून श्वासानें धागा ओढून घेणें. घड्याळ लावणाऱ्याच्या दृष्टीनें ही एक उत्तम हालचाल होती. तींत क्षणाचाही अपव्यय नव्हता. पण तिच्यापायीं कापसाची धूळ विणकराच्या छातींत जाई, आणि एकाचा रोग दुसऱ्यास लागे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें १९११ सालींच तोंडानें धागा ओढण्यास बंदी केली होती. आपल्याकडे त्या ओंठांवर आणखी एक पहारा होता. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या ओंठांना लागलेला धागा आपण कसा तोंडांत घ्यावा, या सबबीवर स्पृश्य विणकर त्यांना सांचेखात्यांत येऊंच देत नसत. सांचेखात्यांत मजुरी अधिक. म्हणून ही सबब म्हणजे पोटावरचाच पाय होता. डॉ. आंबेडकर यांनीं संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावलें, कीं सर्व खातीं आमच्या लोकांना मोकळीं करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत नसेल, तर हा संप आमचा नव्हे. तेव्हां कोठें ती मागणी यादींत आली. ती चौकशी समितीपुढें गेली तेव्हां मालकांनीं, हा अन्याय असला तरी त्याचा दोष आमच्याकडे नाहीं, असें म्हणून हात झटकले. आणि त्यांचें तें म्हणणें सर्वस्वीं खोटें होतें असें आम्हांलाही म्हणवत नाहीं.

मालकानें हालचाल पाहिली ती सेकंदांत. कामगारपुढाऱ्यांनीं पाहिली ती आण्या-पैंत. पण ती हालचाल कोणाच्या ओंठांची हा प्रश्न आंबेडकरांना विचारावा लागला. जी चळवळ दुसऱ्याच्या घड्याळाचा निषेध करते, तिनें स्वतःच्या दारावरचा पहाराही तपासून पाहिला पाहिजे, हा या घटनेचा धडा आहे. पुढें धोट्याच्या रचनेंत सुधारणा झाल्या आणि ओंठ लावण्याचें कारणच उरलें नाहीं. म्हणजे ज्या क्रियेवर एवढा मोठा भेद उभारला होता, ती यंत्राच्या एका लहानशा फरकानें नाहींशी झाली. भेद मात्र तितक्या सहजीं नाहींसा झाला असें कोण म्हणेल?

सोलापूरचा इतिहास मुंबईच्या मागोमाग येतो, तरी तो मुंबईची नक्कल नव्हे. येथील पहिली मोठी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली. लोक तिला पुढें जुनी गिरणी म्हणूं लागले. तिच्या मागून नरसिंग गिरजी, विष्णु, लक्ष्मी अशा गिरण्या निघाल्या. हातमागावर बसलेला पद्मशाली समाज तेलंगणांतून येऊन येथें आधींच स्थिरावूं लागला होता. या शहरांत कामगाराच्या हालचालीवर नजर ठेवण्याचा आणखी एक प्रकार होता, आणि तो घड्याळाहून फार कठोर होता. इंग्रज सरकारनें ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें होतें, त्यांची तारेच्या कुंपणाची वसाहत सोलापुरास वसविली गेली. तेथील माणसें गिरण्यांत कामास जात. परत आल्यावर त्यांना हजेरी द्यावी लागे. ‘हालचालींवर पाळत’ हा पोलिसी वाक्प्रचार त्यांच्या बाबतींत अक्षरशः खरा होता: गिरणींत हातांच्या हालचालींवर मुकादमाची नजर, आणि गिरणीबाहेर पायांच्या हालचालींवर शिपायाची. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तेव्हां कोठें पायांना मोकळीक मिळाली. सोलापुरांत त्या भागाला अजूनही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात.

मे १९३० मध्यें गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलें, तेव्हां रस्त्यावर आलेल्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येनें होते. लष्करी कायदा पुकारला गेला. आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजीं फांसावर गेले. १९३७ सालीं प्रांतांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आल्यावर नेमलेल्या वस्त्रोद्योग कामगार चौकशी समितीनें वेतनाबरोबर कार्यक्षमतेच्या प्रश्नाचाही विचार केला. ऑगस्ट १९४९ मध्यें जुनी गिरणी बंद पडली, आणि जानेवारी १९५० मध्यें केंद्र सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला. भागधारकांच्या हक्कांचा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याचे १९५० व १९५३ चे निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. भागभांडवलावरील हक्क ही मालमत्ता आहे काय, याचा तेथें खल झाला. वीस वर्षें मागावर राबून हातांत आलेलें कसब ही मालमत्ता आहे काय, हें विचारण्याची सोय कोणत्याच कायद्यांत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हालचालींचें शास्त्र आपल्याकडे पुन्हां आलें, तें या वेळीं निराळ्या वेषांत. १९५२ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे तज्ज्ञ सरकारच्या निमंत्रणावरून येथें आले आणि अहमदाबाद व मुंबई येथील गिरण्यांत त्यांनीं काम केलें. १९५८ सालीं राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. १९६३ सालीं पवईला विहार तलावाच्या कांठीं औद्योगिक अभियांत्रिकीचें शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. २०२३ सालीं तिचें रूपांतर मुंबईच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेंत झालें. कामाचा अभ्यास हा आतां शिक्षणाचा विषय झाला. १९५७ सालीं मजूर संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या या विषयावरील पाठ्यपुस्तकांत कामाच्या जागेच्या परिस्थितीवर निराळें प्रकरण आहे. टेलरपासून इतकी वाट चालून झाली होती.

या काळांतला अहमदाबादचा एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. कॅलिको गिरणीनें एका खात्यांत स्वयंचलित माग बसविले. अभ्यास करून कामांची वांटणी अगदीं बिनचूक केली होती: धागा जोडणारा एक, कांड्या भरणारा दुसरा, तेल घालणारा तिसरा, झाडणारा चौथा. २२४ मागांवर २९ माणसें, आणि प्रत्येकाच्या वांट्याला इतके इतके माग. गणित बरोबर होतें. कापड मात्र मनासारखें उतरेना. १९५३ सालीं लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथें गेले. त्यांना असें आढळलें, कीं प्रत्येकाच्या मागांची संख्या निराळी असल्यामुळें कोणाचा कोणाशीं मेळ नाहीं. माग थांबला तर तो कोणाचा, हेंच कळत नाहीं. ठराविक मागांचा एक संच आणि तो सांभाळणारी एक टोळी, अशी कल्पना त्यांनीं मांडली. ती ऐकतांच कामगारांनींच आपसांत टोळ्या बनवून टाकल्या. चौसष्ट मागांना सात माणसें. घड्याळानें माणसांचे जे तुकडे केले होते, ते माणसांनीं स्वतःच पुन्हां जोडले, आणि काम सुधारलें. हालचाल एकट्याच्या हाताची दिसली, तरी ती शेजाऱ्याच्या हातांत गुंतलेली असते, हें ज्ञान तेथें कोणा तज्ज्ञाहून आधीं कामगारांना होतें.

मोठ्या गिरण्यांचा काळ पुढें संपला. १९८२ च्या संपानंतर मुंबईचे भोंगे एकेक करून बंद झाले. सोलापूरच्या जुन्या गिरण्याही थंडावल्या. विणकाम मात्र थांबलें नाहीं. तें लहान लहान छपरांखालीं गेलें, आणि त्यांतलीं पुष्कळ छपरें अक्कलकोट रोडला आहेत. येथला मालक म्हणजे ससून नव्हे. कित्येकदां त्याचा बाप किंवा आजा स्वतः मागावर बसलेला असतो. कांहीं ठिकाणीं धोट्याविना चालणारे नवे माग आले आहेत. बाकी ठिकाणीं जुनाच खडखडाट आहे. मजुरी बहुधा नगावर असल्यामुळें कामगाराच्या मागें घड्याळ घेऊन कोणी उभें राहावें लागत नाहीं. तें घड्याळ नगाच्या दरानें त्याच्या स्वतःच्या छातींतच बसविलें आहे. आपल्या हालचालींचा अभ्यास तो स्वतःच करतो आणि एकही वायां जाऊं देत नाहीं. टेलरला हें पाहून समाधान वाटलें असतें. गिलब्रेथबाईंनीं मात्र, याच्या बाराखडींतलें विसाव्याचें अक्षर कोठें गेलें, असें विचारलें असतें.

१८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतींत टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागली आणि आठ जीव गेले. त्यांत मालक होता, त्याच्या घरचीं माणसें होतीं, कामगार होते, आणि एक तान्हें मूलही होतें. धनी आणि मजूर एकाच छपराखालीं राहत होते आणि एकाच धुरांत गेले. या दुर्घटनेचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु तिनें एक गोष्ट डोळ्यांपुढें आणली. सव्वाशें वर्षें आपण कांडी बदलण्यास किती सेकंद लागतात तें मोजीत आलों. निजलेल्या माणसाला उठून दारापर्यंत पोंचण्यास किती सेकंद लागतात, वाटेंत सुताचे गठ्ठे किती, दार कोणत्या बाजूस उघडतें, ही हालचालही मोजण्याजोगीच आहे. आणि ती मोजली तर मालकाचाही जीव वांचतो. येथें दोघांचें हित वेगळें नाहीं.

कामगाराच्या हालचालींचा अभ्यासच नको, असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हों. विटा कंबरेच्या उंचीवर ठेवल्यानें ज्याची पाठ वांचली, त्याला तें शास्त्र नको असेल असें आम्हांला वाटत नाहीं. भार हलका करणारी प्रत्येक युक्ति पुण्याची आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं मोजावयाचें तर पुरतें मोजावें. हात मोजतां तर सूतही मोजा. माग मोजतां तर त्याचा आवाज आणि छपराखालची उष्णताही मोजा. वांचलेली मिनिटें मोजतां तर तीं कोणाच्या पदरांत पडलीं तेंही त्याच वहींत लिहा. आणि ज्याचे हात मोजले जातात, त्याला ती वही उघडून पाहतां आली पाहिजे. असें झालें, तर हालचाल आणि चळवळ या दोघी बहिणींना एकमेकींच्या समोर उभें राहण्याचें फारसें कारण उरणार नाहीं. १९२८ मध्यें जें पांच महिन्यांहून अधिक काळाच्या उपासानें मागावें लागलें, तें चार माणसांच्या बैठकींत बोलतां येईल.

अक्कलकोट रोडच्या त्या विणकराला आम्हीं त्या दिवशीं, “कांहीं नाहीं, सहज पाहत होतों,” असें कांहींतरी ओशाळवाणें उत्तर दिलें. त्यानें मान हालविली आणि तुटलेला धागा जोडण्यासाठीं तो पुन्हां मागावर वांकला. त्या मागाची उंची त्याच्या कंबरेला सोयीची नव्हती, हें आम्हीं तेवढ्यांत पाहिलें. मोजण्यासारखी खरी गोष्ट तीच होती. आणि ती आम्हीं मोजली नव्हती.